डॅशबोर्ड बघून ड्रायव्हरला नेमकं काय वाटतं, हे काढायचं कसं? (इलेक्ट्रिक टॅक्सी, इंदूर)

रामबाग_रेखाटन

नमस्कार मंडळी. इंदूर शहरात टॅक्सी म्हणून चालणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीचा डॅशबोर्ड आम्ही नव्याने करतोय. मीटर, मधला स्क्रीन, एसीची बटणं, रात्रीचा उजेड, सूचनांचे आवाज, सगळंच त्यात आलं. नुसतं दिसायला छान नको, गाडी हाकताना ड्रायव्हरच्या मनावर काय परिणाम होतो त्यावरून मांडणी ठरवायची आहे. एमडीएफ आणि थ्री-डी प्रिंट वापरून आत बसता येईल असा नमुना उभा केला आहे. स्क्रीनच्या जागी टॅब्लेट लावलाय, स्टिअरिंग आणि पेडल कॉम्प्युटर गेमच्या सेटमधली आहेत.

विजयनगर आणि स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्यांना बोलावून बसवलं, तर प्रत्येक मांडणीला एकच उत्तर येतं: "एकदम बढ़िया है भिया." पाचपैकी गुण मागितले की ४ नाहीतर ५. यातून काहीच हाती लागत नाही.

म्हणून विचारते. खरं काय वाटलं ते बाहेर काढायला प्रश्न कसे विचारावेत? नाडी, घाम मोजणारी उपकरणं आणि चेहरा वाचणारा कॅमेरा घ्यावा का? ड्रायव्हर चिडलाय हे ओळखून डॅशबोर्डचा रंग आपोआप बदलावा अशीही एक सूचना आली आहे, तिचं काय करावं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे "किती किलोमीटर उरले" हा आकडा. बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की ड्रायव्हरची नजर रस्ता सोडून सारखी तिथेच जाते.

नंदलालपुरा

ताई, "आवडलं का" हा प्रश्न आधी यादीतून काढा. ज्याने वस्तू बनवली तोच समोर बसून विचारत असेल तर तोंडावर नाव ठेवणारा माणूस विरळा. त्यामुळे विचारणारा बनवणाऱ्यांपैकी नसावा. आणि मत मागू नका, निर्णय मागा. दोन मांडण्या शेजारी ठेवा आणि विचारा, "रात्री अकरा वाजता स्टेशनहून राऊचं भाडं आहे. यातली कुठली गाडी घेऊन निघाल?" दोन्ही छान असं उत्तर चालणार नाही, एक निवडायलाच हवी. चार मांडण्या असतील तर सहा जोड्या होतात, पाऊण तासात आटोपतं. जोड्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदला, नाहीतर शेवटची पाहिलेली मांडणी जास्त निवडली जाते.

यापुढची रीत हिरोशिमा विद्यापीठातल्या मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात घालून दिली आहे. कानसेई इंजिनिअरिंग म्हणतात तिला. माझदाने १९८९ च्या एमएक्स-५ साठी ती वापरली, तेव्हा आधी एकच भावना धरली होती: घोडा आणि स्वार एकजीव. मग ती फोडत नेली. शरीर घट्ट बसल्यासारखं वाटणं, गाडी थेट हातात असणं, वेगाचा भास, गाडीशी संवाद. तिथून आसन, गिअरची दांडी, एक्झॉस्टचा आवाज असे प्रत्यक्ष भाग ठरले. तुमची गाडी टॅक्सी आहे, तिच्यात हौसेपेक्षा भरवसा मोठा. "ही गाडी मला मध्येच दगा देणार नाही" हे वरचं वाक्य धरा आणि खाली फोडा: पल्ल्याचा आकडा खरा आहे, दाबलेलं बटण लागलं, सूचना उगाच वाजत नाही, रात्री डोळे दुखत नाहीत.

शब्द ड्रायव्हरच्याच तोंडचे घ्या. सोबत बसून फेऱ्या मारा, आपापसात गाड्यांबद्दल ते काय बोलतात ते टिपा. साठ-सत्तर शब्द जमले की छाटून पंधरा-वीस जोड्या करा: "भरोसे की – धोके वाली", "टाइट – ढीली", "आंख को चुभे – आंख को ठीक". मध्ये सात घरांची पट्टी. आल्हाददायक, प्रीमियम असले कागदी शब्द टाकलेत की परत सगळं बढ़ियावर येईल.

आता मांडण्या. मनाला येतील तशा चार करू नका, घटक धरून करा. वेग सुईने की आकड्याने. एसीला नॉब की स्क्रीनवर. रात्रीचा उजेड ऊबदार पांढरा की निळसर. पल्ला एका आकड्यात की कमी-जास्त पट्ट्यात. चार घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या. एल-८ ऑर्थोगोनल ॲरे नावाच्या तयार तक्त्यात (आठ ओळी म्हणजे आठ मांडण्या, घटकांसाठी सात रकाने) हे बसतात. फक्त घटक १, २, ४ आणि ७ या रकान्यांत टाका, म्हणजे एकट्या घटकाचा परिणाम दोन घटकांच्या एकत्र परिणामात मिसळत नाही. सातही रकाने भरायचा मोह होतो, पण तिथेच घोटाळा होतो: उजेडाचा परिणाम समजून तुम्ही सुई आणि नॉब यांच्या जोडीचा परिणाम वाचत बसता.

हिशोब करताना एक पथ्य पाळा. ३० ड्रायव्हर गुणिले ८ मांडण्या म्हणजे २४० ओळी, पण माणसं ३०च. प्रत्येक ड्रायव्हरच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा. सगळ्यांना ४ आणि ५ देणाऱ्याचाही कल त्यातून दिसतो, कारण त्याच्यासाठी ४ म्हणजेच नापसंती असते. मिक्स्ड मॉडेल (माणसामाणसातला फरक वेगळा धरणारी सांख्यिकी पद्धत) लावता येत असेल तर उत्तमच.

प्रसंग घडल्या घडल्या विचारायला चित्रांची पट्टी वापरा. ब्रॅडली आणि लँग यांची १९९४ ची बाहुल्यांची पट्टी आहे, वाचता येण्याची गरज नाही. तीन ओळी असतात: बरं-वाईट, शांत-उत्तेजित, आणि गोष्ट आपल्या ताब्यात आहे की नाही. बरेच जण तिसरी ओळ गाळतात. गाडीच्या बाबतीत मला तीच सगळ्यात कामाची वाटते. फेरी संपल्यावर नाही, प्रसंगानंतर दहा-पंधरा सेकंदांत विचारा. उशीर झाला की ड्रायव्हर आठवणीतून तर्क लढवून उत्तर देतो.

नाडीपरीक्षा

उपकरणांबद्दल. घ्या, पण कुठलं कशाला उत्तर देतं ते आधी समजून.

त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे बारीक घाम. सूचना वाजल्यापासून १ ते ३ सेकंदांनी आलेख चढायला लागतो. ०.०५ मायक्रोसीमेन्सपेक्षा छोटी चढण धरू नका. दोन प्रसंगांत निदान १५ सेकंद सोडा, नाहीतर एका चढणीवर दुसरी चढते. इलेक्ट्रोड तळहाताला लावले की स्टिअरिंग धरताना दाब पडतो आणि खोट्या चढणी दिसतात. तुमच्या गाडीला क्लच नाही, डावा पाय मोकळाच असतो, तेव्हा डाव्या तळपायाच्या आतल्या बाजूला लावा. इंदूरच्या मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाला लगेच बसवलंत तर आलेख वरच चिकटून राहील. खोली २४-२५ अंशांवर ठेवा, पंधरा मिनिटं नुसतं बसू द्या, मग पाच मिनिटं शांत अवस्थेची नोंद घ्या आणि त्यानंतर सुरुवात करा.

नाडीच्या ठोक्यांमधला चढउतार हे मंद माप आहे. १९९६ पासूनची प्रमाण पद्धत पाच मिनिटांच्या तुकड्यावर बेतलेली आहे. एका बीपने काय झालं हे त्यातून कळणार नाही, दोन पूर्ण फेऱ्यांची तुलना मात्र होईल. मनगटाचा पट्टा स्टिअरिंग फिरवताना बिघडतो, छातीचा पट्टा घ्या.

आणि ही दोन्ही मापं फक्त "काहीतरी झालं" एवढंच सांगतात. दचकला की खूष झाला हे आलेखावर सारखंच दिसतं. म्हणून वरची बाहुल्यांची पट्टी सोबत हवीच.

चेहरा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. गालात पान किंवा गुटखा, डोळ्याला गॉगल, बाजूने तिरपं ऊन, कानाला लावलेल्या फोनवर बोलणं. यातल्या प्रत्येकाने निकाल हलतो. शिवाय एकटा गाडी चालवणारा माणूस आतून वैतागला तरी चेहरा सपाटच असू शकतो. तोच कॅमेरा नजरेसाठी वापरा. साधा ३० फ्रेमचा व्हिडिओ घ्या आणि नजर रस्ता सोडून किती वेळ गेली ते हाताने मोजा. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये घालून दिलेली मर्यादा अशी: एका वेळी २ सेकंद, अख्ख्या कामाला मिळून १२. जपानी उत्पादकांच्या संघटनेची मर्यादा त्याहून कडक, ८ सेकंद. एसी दोन अंश कमी करायला यापेक्षा जास्त लागत असेल तर ड्रायव्हर कितीही खूष दिसला तरी ती मांडणी बाद.

स्वस्तातली एक युक्ती सांगतो. आयएसओ १६६७३ या आंतरराष्ट्रीय मानकात दीड सेकंद उघडणाऱ्या आणि दीड सेकंद मिटणाऱ्या चष्म्याची चाचणी आहे. चष्मा नसेल तर टॅब्लेटच तसा काळा-उजळ करणारा प्रोग्रॅम लिहा. नॉबसाठी उपयोग नाही, पण स्क्रीनवरच्या कामांची लायकी लगेच कळते. जे काम तुकड्यातुकड्यांत करता येत नाही, तिथे माणूस घाईला येतो, चिडतो आणि मग रस्त्यावरही तिथेच टक लावून बसतो.

राग ओळखून रंग बदलणं: करू नका. ओळख चुकली तर न चिडलेल्याला गाडी "तू चिडलास" असं सांगते, आणि तो तिथेच चिडतो. बरोबर आली तरी मदत होत नाही. मीटरमध्ये लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावधगिरी, हे आयएसओ २५७५ च्या चिन्हांपासून सगळीकडे ठरलेलं आहे. त्यात मनःस्थितीचे रंग मिसळले की लाल दिव्याचा धाक जातो. त्यापेक्षा जड प्रसंगी गाडीने गप्प राहावं. जोरात ब्रेक लागला, स्टिअरिंग भरभर फिरतंय, इंडिकेटर चालू आहे, अशा वेळी सर्व्हिसची आठवण, नवीन गाणं, फोनचे निरोप वीसेक सेकंद अडवून ठेवा. त्याला भावना ओळखायची गरजच नाही. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना पेंग ओळखणारी सूचना सक्तीची झाली, तीही राग-लोभ बघत नाही, जागेपणा बघते.

आणखी एक. नाडीच्या आणि व्हिडिओच्या नोंदींना लेखी संमती घ्या, हेतू आणि नोंद कधी पुसणार ते लिहून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालीच झाला आहे. गाडीमालकाला नोंद मिळणार नाही हे तोंडानेही सांगा. मालक बघतोय अशी शंका आली की तुम्ही डॅशबोर्ड नाही, ती शंकाच मोजत बसाल.

दिवेलागण

टॅब्लेटवर मिळालेले निकाल उजेडाच्या बाबतीत धरू नका. घरगुती टॅब्लेट चकचकीत असतो, उन्हात कमी पडतो आणि तापला की बंद होतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो.

अक्षरांचा हिशोब: डोळ्यापासून ७०० मिलिमीटरवर २० मिनिटांचा कोन (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण ४.१ मिलिमीटर उंची, ७५० वर ४.४. आयएसओ १५००८ मध्ये हीच शिफारस आहे, १६ मिनिटं चालून जातात. हिंदी दाखवणार असाल तर ही उंची मूळ अक्षराची धरा, वेलांटी-उकार सोडून. ओळींमध्ये जागा वाढवा आणि जोडाक्षरं बुजत नाहीत ना ते भिंगाने नाही, हलत्या आसनावरून बघा. कॉन्ट्रास्ट रात्री निदान ५:१, दिवसा ३:१, थेट उन्हात २:१.

रात्रीचं पहिलं दुखणं असं की एलसीडीची काळी जागा पूर्ण अंधारात राखाडी उजळते आणि ड्रायव्हर म्हणतो "आंख में लगता है", पण कशाने ते त्याला सांगता येत नाही. अंधाऱ्या खोलीत उजेड पार कमी करून तपासा. दुसरं, एलईडी मंद करताना ती वेगाने चालू-बंद केली जाते. हा वेग सेकंदाला २०० च्या खाली असला तर नजर फिरवताना ठिपक्यांची माळ दिसते. ५०० च्या वर ठेवा. तिसरं, दारावरची निळी शोभेची पट्टी. शोरूममध्ये तिला वाहवा मिळते, आणि रस्त्यावर तिचं प्रतिबिंब बाजूच्या काचेत नेमकं आरशासमोर पडतं. वयस्क डोळ्यांना निळा उजेड जास्त पसरतो. उंच आणि बुटका असे दोन ड्रायव्हर बसवून दोघांच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा.

डॅशबोर्डचा वरचा भाग गडद आणि मॅटच ठेवा. फिकट बदामी रंग कागदावर मोकळा वाटतो, पण दुपारी समोरच्या काचेवर त्याचा पडदा पडतो आणि ड्रायव्हर विनाकारण थकतो. पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन नक्की बघा, डोकं दोन्ही बाजूंना कलतं करून. चुकीच्या कोनात बसवलेला एलसीडी त्यातून काळाठिक्कर दिसतो.

पीथमपूर_दुसरी_पाळी

थ्री-डी प्रिंटचा पोकळ नॉब लावून "कसा वाटतो" विचारू नका. हात सगळ्यात आधी वजन, ढिलाई आणि टिचकी ओळखतो. आत खरा रोटरी एन्कोडर (नॉब किती फिरला ते टिपणारा, टिचक्या देणारा भाग) बसवा, वर धातूची बांगडी घाला. व्यास ३५ ते ४५ मिलिमीटर, फिरवायला २ ते ४ न्यूटन-सेंटीमीटर. दांड्यावर डुगडुग राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी हलकी वाटते. बटणाला ३ ते ५ न्यूटन जोर ठेवा, आणि दाबताना लागणारा सर्वात जास्त जोर व नंतर पडणारा जोर यातला फरक पहिल्याच्या ४० ते ६० टक्के असू द्या. ४० च्या खाली गेलात की लागलं की नाही कळत नाही, माणूस दोनदा दाबतो. हीच ती "भरवसा" वाली जागा. बटणामागचा पॅनेल दाबताना वाकत असेल तर टिचकी पॅनेलच गिळून टाकतो, त्यामुळे मागे फासळी द्या. दोन प्लास्टिक घासून चूंचूं करत असतील तर मध्ये फेल्टची पट्टी.

आवाज. साधा पायझो बझर ४ किलोहर्ट्झच्या आसपास किंचाळतो. पन्नाशीच्या ड्रायव्हरला तो कमी ऐकू येतो, आणि तरुणाला डोक्यात जातो. स्पीकर वापरा, मूळ सूर ५०० ते १००० हर्ट्झमध्ये आणि वर तीन-चार उपस्वर. साध्या सूचनेचा आवाज २०-३० मिलिसेकंदांत चढू द्या, एकदम नको. तातडीच्या सूचनेचा चढ वेगवान आणि ठोके जवळजवळ. केबिनच्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबल वर पुरे, आणि मोजमाप ड्रायव्हरच्या कानापाशी घ्या. पेट्रोल गाडीतला बझर इलेक्ट्रिकमध्ये उचलून लावला की जास्तच कर्कश वाटतो, कारण खाली इंजिनचा आवाज नसतो.

वेगाची आणि सीटबेल्टची सूचना तुमच्या मर्जीवर नाही. एआयएस-१४५ या भारतीय वाहन मानकाप्रमाणे जुलै २०१९ पासून कारना ८० च्या वर ठराविक अंतराने आणि १२० च्या वर सतत वाजवावंच लागतं. पण शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी सीटबेल्टचा बझर वाजत राहिला तर ड्रायव्हर काय करतो? बकलमध्ये नुसती क्लिप खोचतो, आणि मग खरा माणूस बसला तरी गाडी गप्प. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांना अशा क्लिपा काढायला लावल्या. खोट्या बीपचा वैताग शेवटी जिवावर जातो, म्हणून सीटखालच्या सेन्सरचा वजनाचा उंबरठा नीट लावून घ्या. त्यावर घालवलेला वेळ रंगसंगतीपेक्षा कितीतरी मोलाचा.

रामबाग_रेखाटन

मनापासून आभार. रंग बदलायची सूचना रद्द करतोय, निळी पट्टीही. पल्ल्याच्या आकड्याबद्दल कोणी सांगेल का? आकडा मोठा आणि ठळक केला तर धीर येईल असं आमच्याकडे काहींचं म्हणणं आहे.

नंदलालपुरा

ठळक केल्याने उलट होईल. भीती कमी आकड्याची नसते, आकडा अचानक घसरण्याची असते. १२ किलोमीटर उरलेत आणि ते खरे आहेत असं वाटलं तर ड्रायव्हर शांतपणे चार्जरकडे वळतो. ४० चे एकदम २८ झाले की त्याचा विश्वास उडतो, आणि मग तो सारखा बघत राहतो.

घसरतो का ते आकड्यांत बघा. समजा बॅटरीत ४ युनिट (म्हणजे ४००० वॉट-तास) उरलेत आणि गाडी शहरात किलोमीटरला १०० वॉट-तास खाते. पल्ला ४० किलोमीटर. उन्हाळ्यात एसी १.२ किलोवॉट घेत असेल आणि राजवाड्याजवळच्या गर्दीत सरासरी वेग २० असेल, तर एसीचे किलोमीटरला ६० वॉट-तास वाढले. एकूण १६०, पल्ला २५. तोच एसी बायपासवर ६० च्या वेगाने किलोमीटरला फक्त २० वाढवतो, पल्ला ३३. गाडी हळू चालली की एसी महाग पडतो, हे ड्रायव्हरच्या अंदाजाच्या उलट आहे, म्हणून त्याला वाटतं मीटर खोटं बोलतंय. स्क्रीनवर एकच ओळ द्या: "एसी बंद केल्यास +१५ किमी". कारण दिसलं आणि उपाय हातात आला. बाहुल्यांची तिसरी ओळ इथेच हलते.

चढाचंही तसंच. १४०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला नुकसान धरून ०.४ युनिटच्या वर जातं, म्हणजे चारेक किलोमीटरचा पल्ला. खंडवा रस्त्याला सिमरोलच्या घाटातून वर येताना आकडा फक्त शेवटच्या दोन किलोमीटरच्या खपावरून काढलात तर तो कोसळेल, आणि माथ्यावर सपाटी लागली की परत वर उडेल. शेवटच्या ५० किलोमीटरची सरासरी मुख्य धरा, शेवटच्या ५ ला तिसरा हिस्सा द्या. आकडा वर जायचा असेल तर सावकाश जाऊ द्या. ५० च्या वर पाच-पाचच्या टप्प्यात दाखवा, २० च्या खाली एकेक. मध्ये पट्टा: "२५ ते ३३". २० टक्क्यांना पिवळा दिवा आणि एकच मऊ आवाज, १० ला दुसरा. लाल शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. शून्याखाली लपवलेली शिल्लक मोठी ठेवू नका. ड्रायव्हर महिन्याभरात ती ओळखतात, मग शून्यावर भाडं घेतात आणि एखाद्या गार सकाळी अडकतात. सगळ्यात चांगलं वाक्य "भंवरकुआं चार्जरला पोचून ९ किमी उरतील" या धर्तीचं, कारण ड्रायव्हरच्या मनातला प्रश्न तोच असतो.

चाचणी अशी करा. सिम्युलेटरवर वीस मिनिटांत बॅटरी ३० वरून ८ टक्क्यांवर आणा. दर तीन मिनिटांनी भाडं येऊ द्या: "सहा किलोमीटर, घेणार?" दोन आकडे टिपा: कितव्या टक्क्याला नकार आला, आणि मिनिटाला किती वेळा नजर पल्ल्याकडे गेली. चांगल्या मांडणीत नजर कमी जाते आणि नकार योग्य वेळी येतो. नजर कमी पण नकार आलाच नाही, तर मांडणीने खोटा धीर दिला, तीही बाद.

नाडीपरीक्षा

यात एक भर. ही चाचणी तीस जणांवर करताना निदान दहा जण पंचेचाळिशीच्या पुढचे घ्या, आणि त्यातही जवळचा चष्मा असून गाडी चालवताना तो न लावणारे. ७० सेंटीमीटरवरचा आकडा त्यांना धूसर दिसतो, म्हणून त्यांची नजर तिथे लांबते. त्याला काळजी समजून बसाल. आकडा मोठा करून त्यांची एक फेरी पुन्हा घ्या. नजर कमी झाली तर दोष अक्षराचा, नाही झाली तर आकड्याच्या हिशोबाचा.